पेशीत चमकलेला ठिपका मेदाचा आहे, हे कशावरून?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी करते आहे. तिनं एक नवा डाय, म्हणजे प्रकाश पडला की चमकणारा रंग, बनवलाय. तो ४८८ नॅनोमीटरच्या लेझरनं पेटतो, ६०० च्या आसपास नारिंगी चमकतो आणि पाण्यात जवळजवळ विझलेला असतो. यकृताच्या हेपजीटू पेशींना रात्रभर ओलेइक आम्ल हे मेदाम्ल दिलं आणि सकाळी हा डाय घातला, तर गोल गोल ठिपके झळकतात. हे ठिपके लिपिड ड्रॉपलेट, म्हणजे मेदथेंबच आहेत हे दाखवायला सोबत बोडिपी हा जुना डाय वापरू की नाइल रेड, आणि लेखाच्या परीक्षकानं 'स्पेसिफिसिटी दाखवा', म्हणजे डाय फक्त मेदालाच धरतो हे दाखवा, असं लिहिलंय त्याचं काय करू, असं ती विचारते.

गेली अठरा वर्षं मी कॉन्फोकल या लेझर सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत बसते आणि तुझ्याच वयाची मुलंमुली अशाच स्लाइड घेऊन येतात. म्हणून सवयीनं 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

आधी सरळ उत्तर. बोडिपी ४९३/५०३ जरूर घे, पण त्याला पुरावा समजू नकोस. तुझा डाय तेलकट जागा शोधतो आणि बोडिपीही तेलकट जागाच शोधतो. दोघं एकाच ठिकाणी सापडले, तर एवढंच कळतं की दोघांची आवड एक आहे. साक्षीदार दोन असले तरी एकाच घरचे आहेत. तिसरा साक्षीदार वेगळ्या गावचा लागतो. तो कुठून आणायचा ते पुढे सांगते, पण त्याआधी हे डाय थेंबात जातात कसे ते पाहू, कारण निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

आमटी उकळली की वर तवंग येतो आणि तो पिवळाजर्द असतो. फोडणीत हळद पडलेली असते, आणि हळदीतलं कर्क्युमिन पाण्यापेक्षा तेलात रमतं. एक गंमत घरी करून बघ. एका वाटीत पाणी, एकीत गोडंतेल, दोन्हींत चिमूटभर हळद. दिवा मालवून नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च दोन्हींवर मार. तेल हिरवट-पिवळं पेटल्यासारखं दिसेल, पाणी मलूल राहील. मेदथेंब दाखवणाऱ्या बहुतेक डायची कथा एवढीच आहे. रेणू पाण्याला कंटाळून तेलात शिरतो, आणि तिथे गेल्यावर त्याची चमक वाढते किंवा रंग बदलतो. पेशीतला तवंग म्हणजे मेदथेंब. मधे ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल एस्टर, भोवती फॉस्फोलिपिडचा एकपदरी थर, त्यावर पेरिलिपिनसारखी प्रथिनं. मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाघरं), लायसोसोम (कचरा पचवणाऱ्या पिशव्या) यांची भिंत दुपदरी असते. थेंबाची तेवढी एकपदरी, कारण तो एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या दोन पदरांच्या मधे साठलेल्या तेलातून फुगून बाहेर पडतो. साध्या पेशीत हे थेंब मायक्रॉनच्या दशांशापासून काही मायक्रॉनपर्यंत, तर पांढऱ्या चरबीच्या पेशीत एकच थेंब अख्खी पेशी व्यापून शंभर मायक्रॉनच्या घरात जातो.

आता रसायनाकडे, म्हणजे तुझ्या प्रांतात येते. थेंबात जायचं तर रेणूवर विद्युतभार नको. धनभार असला की तो मायटोकॉन्ड्रियाकडे ओढला जातो, कारण त्यांच्या आतल्या बाजूला ऋणभार असतो. टोकाला पुरेसा आम्लारिधर्मी अमाइन असला, तर तो लायसोसोमच्या आम्लात शिरतो, प्रोटॉन घेतो आणि तिथेच अडकतो. लायसोसोमसुद्धा गोल ठिपक्यासारखेच दिसतात, आणि मायक्रॉनच्या आसपासच असतात! म्हणून पहिला प्रश्न मी तुलाच विचारते: तुझ्या रेणूच्या शेपटीला मॉर्फोलिन वगैरे असा काही अमाइन लावलंयस का? विरघळावा म्हणून मुलं ते हौसेनं लावतात, आणि मॉर्फोलिन तर लायसोसोमकडे डाय पाठवायचा ठरलेला पत्ता आहे. थेट बेंझिन वलयाला जोडलेला डायइथाइलअमिनो मात्र चालतो. त्याची इलेक्ट्रॉन-जोडी वलयात गुंतलेली असल्यामुळे तो सहजी प्रोटॉन घेत नाही. नाइल ब्लू आणि नाइल रेड ही जोडी याचं उत्तम उदाहरण. नाइल ब्लूवर धनभार असतो. तो सौम्य सल्फ्युरिक आम्लात उकळला की भार जाऊन नाइल रेड तयार होतो, आणि तोच तेवढा तेलाचा वेडा. जुन्या काळी नाइल ब्लूनं चरबी रंगायची, ती त्यात भेसळ म्हणून असलेल्या नाइल रेडमुळेच.

नाइल रेड जिवंत पेशींसाठी रुळला तो १९८५ मध्ये, ग्रीनस्पॅन, मायर आणि फाउलर यांच्या कामामुळे. त्यांनी तेव्हाच सांगितलेली एक गोष्ट लोक आजही विसरतात. हा डाय अस्सल तेलात सोनेरी-पिवळा चमकतो आणि फॉस्फोलिपिडच्या पडद्यात लाल. म्हणजे ४५०–५०० नॅनोमीटरनं पेटवून पिवळी पट्टी घेतलीस तर थेंब उठून दिसतात. हिरव्या प्रकाशानं पेटवून ५९० च्या पुढचं लाल घेतलंस तर थेंबांबरोबर पेशीतले सगळे पडदे उजळतात, आणि चित्र धुकट येतं. नावात 'रेड' आहे म्हणून लाल फिल्टर लावणारे मी इतके पाहिलेत की आता हसूही येत नाही. शिवाय त्याची चमक इतकी रुंद पसरते की सोबत हिरवं किंवा लाल प्रथिन वापरायला जागाच उरत नाही. तुझा डाय तर त्याच्याच पट्ट्यात बसतो. तेव्हा तुझ्या कामापुरता नाइल रेड बाद.

तरी त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तुझ्या परीक्षकाच्या मनात बहुधा हेच असणार. सी. एलिगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा पारदर्शक कृमी. २००३ मध्ये हार्वर्डच्या गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेनं त्याच्या सुमारे १७ हजार जनुकांपैकी एकेक बंद करून, खाण्यातून नाइल रेड देऊन, चरबी कशानं वाढते-घटते ते तपासलं. शेकडो जनुकं हाती लागली. सगळीकडे गाजलेलं काम, आणि कृमीला नाइल रेड खाऊ घालायची पद्धत जगभर पसरली. मग लेझरनं थेट कार्बन-हायड्रोजन बंध मोजणारी, डायविना चालणारी सूक्ष्मदर्शकं आली, कृमी मारून ऑइल रेड ओ या चरबी रंगवणाऱ्या जुन्या रंगानं रंगवून पाहिले गेले, आणि आकडे जुळेनात. २००९ मध्ये त्याच रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेतून एलीन ओरोर्क आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की खाण्यातून गेलेला नाइल रेड आतड्याच्या पेशीतल्या लायसोसोमसारख्या कणांत जमतो. खरा मेदाचा साठा वेगळ्याच पिशव्यांत आहे, आणि जिवंत कृमीत डाय तिथे पोचतच नाही! डाय तोच, पेशी-संवर्धनात अगदी चोख वागणारा. तो कोणत्या वाटेनं आत गेला यानं सगळं बदललं. आपलीच पद्धत चुकीची जागा दाखवते हे त्याच घरातून जाहीर झालं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

म्हणून परीक्षकाला 'आमचा डाय ओलेइक आम्ल दिलेल्या पेशीत ठिपके दाखवतो' एवढं पुरणार नाही, आणि पुरूही नये.

आता बोडिपी. ४९३ ला पेटतो, ५०३ ला चमकतो, लख्ख हिरवा, अरुंद पट्टी, पडद्यांत फारसा रेंगाळत नाही. रोजच्या कामाला मी अजून हाच वापरते. पेटण्याच्या आणि चमकण्याच्या रंगात दहाच नॅनोमीटरचं अंतर आहे, म्हणून फिल्टर नीट निवडावा लागतो. बाकी गुणी डाय. पण त्यानं मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. उपाशी पेशीत मेदथेंब मायटोकॉन्ड्रियाला चिकटतात का, हे पाहत होतो. थेंब बोडिपीनं हिरवे, मायटोकॉन्ड्रिया लाल डायनं. आधी हिरव्या चॅनेलमध्ये थेंब शोधायचे, फोकस लावायचा, जरा न्याहाळायचं, मग दोन्ही चॅनेलची चित्रं घ्यायची. लाल चॅनेलमध्येही थेंबाच्या जागी गोल गोल! आम्ही खूश. मायटोकॉन्ड्रिया थेंबाला वेढून बसलेत, असं गटाच्या बैठकीत सांगूनही झालं. मग एका विद्यार्थ्यानं फक्त बोडिपी घातलेली, लाल डाय नसलेली स्लाइड बघितली, आणि तिच्यातही थेंब लाल दिसले. निळ्या प्रकाशात बराच वेळ ठेवलेला बोडिपी थेंबाच्या आत बदलून लाल चमकू लागतो. नागोया विद्यापीठातल्या फुजिमोतो यांच्या गटानं हा खड्डा २०१० मध्येच दाखवून ठेवला होता. आम्ही वाचला नव्हता, इतकंच. तेव्हापासून माझा दंडक आहे. लाल चॅनेल आधी घ्यायचा, हिरवा नंतर. फोकस शोधायला शक्यतो साधा प्रकाश वापरायचा. आणि प्रत्येक डायची एकट्याची स्लाइड त्याच दिवशी, त्याच सेटिंगवर बघायची.

तुझ्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे, आणि तो कुणी सांगत नाही. तुझा डाय ४९० च्या आसपासचा प्रकाश शोषतो. बोडिपी ५०३ ला प्रकाश सोडतो. दोन्ही एकाच इवल्या थेंबात दाटीवाटीनं बसलेत. रेणू काही नॅनोमीटरवर आले की बोडिपीची ऊर्जा प्रकाश न होताच तुझ्या डायकडे जाते. याला फ्रेट म्हणतात, तुला माहीत असेलच. मग थेंबात बोडिपी मंद दिसेल, तुझा डाय हवा त्याहून तेजस्वी दिसेल, आणि तू लिहिशील 'आमचा डाय बोडिपीपेक्षा सरस'. असं लिहिलेले निबंध मी तपासलेत. ते ओळखायची युक्ती सोपी. एका स्लाइडवर फक्त बोडिपी, दुसरीवर बोडिपी अधिक तुझा डाय, लेझर तेवढाच. दुसरीत बोडिपीची चमक पडली, तर तुलना तिथेच थांबव. दोन डाय वेगवेगळ्या डिशमध्ये मोज आणि 'सरस' हा शब्द खोड. ४०५ लेझरवर चालणारा निळा डाय, एमडीएच नावानं मिळतो, त्यानं अंतर जरा वाढतं. पण त्याची चमक ४८० पर्यंत पोचते, म्हणजे तुझ्या डायच्या उंबऱ्यावरच. तेव्हा पूर्ण सुटका नाही.

वेगळ्या गावचा पहिला साक्षीदार म्हणून मी म्हणते ते प्रथिन वापर. पेरिलिपिन-२ हे थेंबाच्या पृष्ठावर बसतं आणि थेंब नसला की पेशी त्याला मोडून टाकते, म्हणजे उगाच इतरत्र सापडत नाही. त्याला हॅलोटॅग (रंग पकडून ठेवणारं छोटं प्रथिन) जोडून त्याला चिकटणाऱ्या दूर-लाल रंगानं, म्हणजे लिगँडनं, रंगव आणि ६४० च्या लेझरनं बघ. तुझा डाय त्या लेझरला ढिम्म राहील. मग मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा एक थेंब निवडून मोठा कर. प्रथिनाचं कडं बाहेर आणि तुझा नारिंगी रंग आत भरीव, असं दिसलं पाहिजे. बांगडीत लाडू ठेवल्यासारखं. दोन रंग एकमेकांवर पडले तर उलट शंका घे. थेंबाचं पृष्ठ आणि पोट वेगवेगळं दिसणं हाच पुरावा. दोन रंग किती जुळतात ते सांगणारा पिअर्सन गुणांक ०.९ आला म्हणून मिरवणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या हिशेबात कडं आणि पोट एकमेकांवर नाहीत म्हणून गुणांक पडतो, आणि ते पडलेला गुणांक लपवतात!

वेगळ्या गावचा दुसरा साक्षीदार फुकटचा आहे, आणि तोच कुणी बोलावत नाही. डीआयसी, म्हणजे अपवर्तनांकातला फरक उठावासारखा दाखवणारं साध्या प्रकाशाचं तंत्र. तेलाचा अपवर्तनांक पेशीरसापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे मायक्रॉनभर मोठा थेंब कुठल्याही डायशिवाय काचेच्या मण्यासारखा उठून दिसतो. तुझ्या चमकत्या ठिपक्याखाली मणी आहे का ते बघ. लायसोसोम असा मण्यासारखा दिसत नाही.

तिसरा साक्षीदार म्हणजे पेशीचं वागणं. ट्रायॅक्सिन-सी हे औषध मेदाम्लाला कोएन्झाइम-ए जोडणारं एन्झाइम अडवतं. ते दिलं की ओलेइक आम्ल आत जाऊनही नवे थेंब होत नाहीत. ओलेइक आम्ल दे, सोबत ट्रायॅक्सिन-सी दे, आणि तुझे ठिपके गळतात का बघ. गळाले तर तुझा डाय तेलाच्या साठ्यामागे जातोय. नाही गळाले तर तो दुसरंच काही दाखवतोय, आणि मग लायसोसोमचा डाय सोबत घालून बघायची वेळ आली. हेपजीटूमध्ये ओलेइक आम्ल न देताही थोडे थेंब असतात, त्यामुळे 'शून्य' येणार नाही. घट मोज. हा एक प्रयोग चार रंगीत चित्रांपेक्षा भारी पडतो, आणि खर्च एका छोट्या कुपीचा.

आता हाताच्या गोष्टी. यात नवं काही नाही, पण बिघडतं ते इथेच.

ओलेइक आम्ल बीएसएला, म्हणजे गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनला, बांधूनच द्यायचं, तेही मेदाम्लमुक्त बीएसएला. ओलेइक आम्लाच्या सहा रेणूंना बीएसएचा एक असं प्रमाण बरं पडतं. ३७ अंशांवर हलवत ठेव. द्रव स्वच्छ पारदर्शक झाला पाहिजे. दुधाळ दिसला तर टाकून दे, जीव अडकवू नकोस. मोकळं राहिलेलं तेल काचेवर चिकटतं आणि तुझ्या डायनं छानपैकी रंगतं. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा अत्यंत देखणे थेंब घेऊन आला होता. मी साधा प्रकाश लावला, तर निम्मे थेंब जिथे पेशीच नव्हती तिथे. रात्रभर २०० ते ४०० मायक्रोमोलर पुरतं. पामिटिक आम्ल एकट्यानं देऊ नकोस. ते ६३ अंशांना वितळतं, म्हणजे पेशीच्या तापमानाला घट्ट. पेशी त्याचे थेंब नीट करत नाहीत आणि मरू लागतात.

डायचा साठा डीएमएसओ या द्रावकात करतात. बोडिपी ४९३/५०३ चा रेणूभार २६२, म्हणजे १ मिलीग्रॅम प्रति मिलीलिटर म्हणजे साधारण ३.८ मिलीमोलर, पेशींवर १ मायक्रोमोलर घालायचा तर जवळजवळ चार हजार पट पातळ करायचा. मधे एक टप्पा घे, थेट घालू नकोस. डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतं. पुण्याच्या डिसेंबरात सकाळी कुपी दगडासारखी असते, आणि अर्धवट वितळलेल्या कुपीतून पिपेट केलं की मात्रा चुकते. पावसाळ्यात उलटं. उघडी कुपी हवेतलं पाणी पिते आणि डाय आतल्या आत साखरेसारखा बसतो. म्हणून छोट्या छोट्या कुप्या भरून ठेवायच्या, एकदा उघडलेली परत ठेवायची नाही.

मात्रेबद्दल माझं मत ठाम आहे. लोक गरजेपेक्षा पाच-दहा पट डाय घालतात. थेंब भरले की उरलेला डाय एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पडद्यात जाऊन बसतो आणि पार्श्वभूमी वर येते. ५० नॅनोमोलरपासून ५ मायक्रोमोलरपर्यंत सहा डिश लाव, प्रत्येकीत थेंबाची चमक भागिले शेजारच्या पेशीरसाची चमक काढ. जिथे हा भागाकार सर्वांत मोठा येतो तीच तुझी मात्रा, चमक सर्वांत जास्त येते ती नव्हे. हा आलेख तुझ्या लेखात पहिला घाल, परीक्षक निम्मा शांत होईल. डाय घालताना माध्यमात सीरम नको, कारण त्यातलं अल्ब्युमिन आणि लायपोप्रोटीन डाय पेशीआधी स्वतःच गिळतात. फिनॉल रेडही नको, ते स्वतः चमकतं. दीड-दोन तासांचं चित्रण करायचं असेल तर डाय धुऊन काढू नकोस, अगदी थोडा माध्यमात राहू दे. हे डाय थेंबाला बांधलेले नसतात. ते सतत येतात-जातात. याच कारणानं 'एका थेंबातला डाय दुसऱ्यात दिसला म्हणून थेंब एकत्र झाले' असं म्हणता येत नाही. मेदाम्लाचाच प्रवास पाहायचा असेल तर मेदाम्लाच्या शेपटीलाच बोडिपी जोडलेले रेणू मिळतात. लाल सी-१२ म्हणतात तो त्यातलाच. २०१५ मध्ये अमेरिकेत रॅम्बोल्ड, कोहेन आणि लिपिंकॉट-श्वार्ट्झ यांनी त्याच्याच साह्यानं उपाशी पेशीत मेदाम्लं थेंबांतून मायटोकॉन्ड्रियात जाताना दाखवली. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा डाय. एका डायकडून दोन्ही कामं करून घ्यायचा मोह टाळ.

पेशी मारून बघायच्या तर ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, पंधरा मिनिटं, बस. मिथेनॉल आणि ॲसिटोन तेल धुऊन नेतात. ट्रायटन एक्स-१०० हा साबणासारखा पदार्थ थेंब फोडतो. अँटिबॉडी आत न्यायची असेल तर सॅपोनिन किंवा डिजिटोनिन वापर. ऑइल रेड ओच्या जुन्या पाककृतीत आयसोप्रोपॅनॉल असतं, त्यानं लहान थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात. 'औषधानं थेंबांचा आकार वाढला' असा निष्कर्ष त्यावर काढू नये.

मोजणीबद्दल थोडं सविस्तर, कारण डायवर घाम गाळून लोक इथे घाई करतात. थेंब मोजणं म्हणजे चरबी मोजणं नव्हे. २ मायक्रॉन व्यासाच्या एका थेंबात १ मायक्रॉनच्या आठ थेंबांइतकं तेल असतं, आणि अर्ध्या मायक्रॉनच्या चौसष्टांइतकं. म्हणजे औषध दिल्यावर थेंबांची संख्या तिप्पट होऊनही चरबी घटलेली असू शकते. उपाशी पेशीत मोठे थेंब फुटून लहान झाले की असंच दिसतं, आणि तेल तोडणारी एन्झाइमं पृष्ठावर काम करतात म्हणून लहान थेंब लवकर संपतात. दुसरीकडे, २०० नॅनोमीटरहून लहान थेंब साध्या कॉन्फोकलला त्याच्या खऱ्या आकारात दिसूच शकत नाही. तो कितीही बारीक असो, प्रकाशाच्या मर्यादेएवढा ठिपका होऊनच येतो. तेव्हा लहान थेंबांचा 'व्यास' लिहू नकोस, एकूण चमक लिही.

जिवंत पेशीत ते पळतातही. सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून मोटर प्रथिनं त्यांना ओढतात, कधी सेकंदाला मायक्रॉनच्या आसपास वेगानं. तू वीस सेकंद लावून थरांची रास घेतलीस तर एकच थेंब तीन थरांत तीन जागी दिसेल आणि तू त्याला तीन मोजशील. आधी एका थरात भरभर चित्रं घे, वेग बघ, मग ठरव. या पळापळीला अर्थ आहे. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटानं २०१७ मध्ये दाखवलं की पोट भरलेलं असताना इन्सुलिनच्या इशाऱ्यावर यकृतातल्या थेंबांवर कायनेसिन-१ ही मोटर चढते आणि त्यांना पेशीच्या कडेच्या रेटिक्युलमकडे नेते. तिथून ट्रायग्लिसराइड रक्तात जायची वाट असते. उपाशीपोटी मोटर उतरते, थेंब थांबतात, रक्तात उगाच मेद ओतला जात नाही. हेपजीटूत थेंबांची जागा बघायची हौस असेल तर शेवटचं खाणं कधी दिलं ते वहीत लिहून ठेव.

डाय बाजारात बरेच आले आहेत. जपानी लिपी-ब्लू, लिपी-ग्रीन, लिपी-रेड धुवावे लागत नाहीत आणि सरावाला सोपे आहेत. योगायोगानं नागोयातूनच यामागुची यांच्या गटानं थायोफीन डायऑक्साइडच्या सांगाड्याचा डाय २०२१ मध्ये आणला. तो लेझरखाली इतका टिकतो की एसटीईडीसारख्या, प्रखर लेझरनं डाय जाळून काढणाऱ्या अतिसूक्ष्म चित्रणाच्या तंत्रातही चालतो. डाय बनवणाऱ्यांनी कशामागे लागावं याचं ते चांगलं उदाहरण आहे. नवा 'लिपिड ड्रॉपलेट-विशिष्ट' डाय दर महिन्याला निघतो. माझ्या खोलीत त्यातला एकही बोडिपीची जागा घेऊन बसलेला नाही. लख्ख चमकणारे भरपूर आहेत. तासभर लेझर सोसणारे मोजके. आणि ट्रायग्लिसराइड कुठलं, कोलेस्टेरॉल एस्टर कुठलं, हे सांगणारा खात्रीचा डाय मी तरी वापरलेला नाही. त्यासाठी अजून रामन वर्णपट (रेणूंच्या कंपनांवरून त्यांची ओळख) घेऊन ७०२ सेंटिमीटर-व्युत्क्रमाजवळची कोलेस्टेरॉलची खूण शोधावी लागते. तुझा रेणू टिकाऊ निघाला तर लेखाचं शीर्षक त्यावर ठेव. 'विशिष्ट' वर ठेवू नकोस.

पुढे कधी यकृताच्या खऱ्या ऊतीकडे वळलीस तर एक सांगून ठेवते. तिथल्या स्टेलेट पेशी अ जीवनसत्त्व मेदथेंबांतच साठवतात, आणि ते जीवनसत्त्व यूव्हीखाली आपोआप निळसर-हिरवं चमकून झटकन विझतं. निळ्या डायचं काम तिथे करशील तर पहिल्या दहा सेकंदांत काय विझलं ते बघ.

सोमवारी गेलीस की नवीन काहीही घालायच्या आधी एक डिश लाव: ओलेइक आम्ल दिलेल्या पेशी, डाय अजिबात नाही, लेझर आणि डिटेक्टर अगदी तुझ्या सुंदर चित्राच्याच सेटिंगवर. दुसरीत डाय घाल, पण ओलेइक आम्लाबरोबर रात्रभर ट्रायॅक्सिन-सी. दोन्हींची चित्रं सुंदर चित्राच्या शेजारी, एकाच ब्राइटनेसवर ठेव, आणि ती तिन्ही पाठव. बाकीचं त्यावर बोलू.